भोईरचं उन्हाळी वेळापत्रक

मी हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नलिनीलाही नाही, आणि ती माझी बायको आहे. तिच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे एरवी काहीच नसतं. एका माणसाला दुपारी झोप लागायची, तिचा मला हेवा वाटायचा. त्या हेव्यापायी एका मे महिन्यात मी कारखान्याची कामाची वेळ बदलली. सगळ्यांना वाटलं, साहेबांनी माणसांची सोय पाहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी दशरथ भोईरचा डावा डोळा गेला, आणि दोष गेला तो त्याच्या चुलतभावाच्या, एकनाथ भोईरच्या नावावर. ती दुपारची झोप एकनाथचीच.

असं चार ओळींत लिहिलं की किती सोपं दिसतं. दहा-बारा उन्हाळे मला या चार ओळी लिहिता आल्या नाहीत.

यंदा निमित्त झालं ते नोटिशीचं. मी आता बदलापूरला एका कारखान्यात काम बघतो. मार्च संपत आला, दुपारी खिडकीचा गज हाताला चटका द्यायला लागला, की आमचा टायपिस्ट दारात येऊन विचारतो, "सर, समर टायमिंगची नोटीस काढायची ना? मागच्या वर्षीचीच मारू?" मी मान हलवतो. कागद येतो, मी सही करतो, तो फाटकापाशी लागतो. पहाटे पाचला काम सुरू, अकराला जेवण, साडेतीनपर्यंत विश्रांती, मग साडेपाचपर्यंत उरलेलं काम. कामगार त्याला ओकसाहेबांचं टाइमटेबल म्हणतात. एक तर परवा म्हणाला, "साहेब, तुमच्यामुळे उन्हाळा निघतो बघा आमचा." मी त्याच्याकडे बघून हसलो. ओकसाहेबांचं त्यात काहीएक नाही. त्यातली ओळ न ओळ एकनाथची आहे, आणि ज्या कारखान्यात त्यानं ती बसवली, तिथून मीच ती उखडली होती.

तो कारखाना अंबरनाथला, मोरिवलीच्या अंगाला. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ओतकामाचा. पंपांची झाकणं, मोटारींची बॉडी, असला माल. मालक उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातले सिंधी, आम्ही सगळे त्यांना नुसतं सेठ म्हणत असू. सेठच्या घरी उन्हाळ्यात गच्चीभर पापड वाळत आणि शनिवारी शनिवारी आमच्यासाठी थादलची मोठी किटली येई. बडीशेप, खसखस, मिरी वाटून केलेलं थंड दूध. पितळेच्या पेल्यातलं ते दूध घशाखाली उतरताना क्षणभर वाटायचं, बाहेर काही नाहीच. मग पेला खाली ठेवला की पत्र्याचा आवाज ऐकू यायचा. उन्हानं तापलेले पत्रे कडकड वाजतात. साडेअकरा झाले की आमच्या शेडचं छप्पर बोटं मोडायला लागायचं. खाली भट्टी, वर पत्रा, मध्ये चाळीस माणसं.

ओतकामाची रीत थोडी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. लाकडी किंवा लोखंडी पेटीत खास माती दाबून साचा करायचा. ती माती ओलसर लागते. फार कोरडी झाली तर साचा ढासळतो, फार ओली झाली तर वितळलेलं बीड आत पडताच पाण्याची वाफ होते, वाफेला वाट मिळाली नाही की साचा उडतो. पाणी नेमकं किती, एवढंच सगळं शास्त्र. मी त्यासाठी डिप्लोमा केला होता. माझ्या टेबलावर ओलावा मोजायचं छोटं यंत्र होतं, मी त्यावर आकडा बघून वहीत लिहीत असे.

एकनाथ मूठ भरून माती उचलायचा, दाबायचा, तो गोळा दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी मधोमध मोडायचा आणि मोडलेली कड बघायचा. "झाली," म्हणायचा, किंवा "थोरा पानी." बस. पहिल्या वर्षी मी गुपचूप त्याचे अंदाज आणि माझे आकडे शेजारी शेजारी लिहून काढले. तो चुकेल म्हणून. महिनाभर लिहिले आणि ते पान फाडून टाकलं. माझ्या हेव्याचा पहिला कागदोपत्री पुरावा तो असता.

पालेगावचा माणूस. घरची भातशेती होती, आजोबा खाडीकडच्या मिठागरात कामाला जायचे असं सांगायचा. उंच नव्हता, पण चालायचा असा की जागा त्याची आहे असं वाटे. भट्टीवरचा मिस्त्री. दशरथ त्याच्या चुलत्याचा मुलगा, लॅडल धरायला पुढे असायचा. लॅडल म्हणजे वितळलेलं बीड न्यायचं दांड्याचं भांडं. दशरथ खिदळणारा, एकनाथ कमी बोलणारा.

आधी आमची वेळ आठ ते साडेचार होती. साचे करता करता एक वाजायचा, ओतकाम दुपारी दोनला. म्हणजे उन्हाचा जोर आणि बिडाचा जोर एकाच वेळेला. एप्रिल-मेमध्ये रोज कुणी ना कुणी सावलीत नेऊन बसवावा लागे. आणि माल बिघडे, कारण पेटीतली माती बघता बघता सुके. एका एप्रिलमध्ये एकनाथ माझ्या टेबलाशी आला, अंगावरची बनियन पिळली असती तर पेला भरला असता, आणि म्हणाला,

"साहेब, तुमचा घड्याल बरोबर हाय. पन उनाला कोन सांगनार आठ वाजलं म्हनून?"

"मग काय करू? भट्टी नदीत नेऊन ठेवू?"

"भट्टी नको. वेल न्या. आमी शेतावर काय करतो? उजाडाच्या आदी जातो, उन चरला का घरी. पाचला चालू करू. माती गार असते तवा. अकराच्या आत ओतून मोकला."

मी म्हटलं विचार करतो, आणि विचार केला नाही. त्यानं दोन दिवस वाट पाहिली आणि सेठना फाटकात गाठलं. सेठ व्यवहारी माणूस. "कर के देखो," म्हणाले. पहिल्या आठवड्यात बाद मालाचा ढीग निम्म्यावर आला. सेठ शेडमध्ये उभे राहून, माझ्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "देख ओक, डिग्री तेरे पास है, अकल इसके पास है."

सगळे हसले. मीही हसलो. चेष्टाच होती ती. सेठच्या मनात काही नव्हतं. पण दशरथनं मागून "डिप्लोमा हाय सेठ, डिग्री नाय" अशी पुस्ती जोडली आणि पुन्हा हशा झाला. तो दुसरा हशा मला अजून ऐकू येतो.

मी तेव्हा अंबरनाथ पूर्वेला राहायचो, सायकलनं जायचो. पाचची वेळ म्हणजे चारला उठणं. त्या पहाटा आठवल्या की आजही मला मान्य करावं लागतं, त्या सुंदर असायच्या. मलंगगडाची रांग काळ्या पुठ्ठ्यातून कापल्यासारखी. रस्ता रिकामा, धूळ बसलेली. कुठल्यातरी अंगणात चूल पेटलेली, भाकरीचा वास, त्यात भाजलेल्या सुकटीचा वास मिसळलेला. शेडमध्ये पिवळे दिवे आणि मातीवर फावड्यांचा खसखस आवाज, माणसं बोलत नसत, मधूनच कुणी खाकरे. माती हाताला गार लागायची. साडेसहाला भट्टी पेटे तेव्हा सूर्य नुकताच वर आलेला असे, आणि नऊ वाजता पहिलं बीड बाहेर पडे तेव्हा बाहेरचं ऊन अजून कोवळं असे. अकराला माणसं हात धुऊन डबे उघडत. मला हे सगळं आवडत होतं आणि आवडतंय याचाच राग येत होता. दुसऱ्याच्या घरात बसून चांगलं जेवण जेवताना येतो तसला राग.

आणि मग ती झोप. आवाराच्या कडेला एक जांभळाचं झाड होतं. जेवण झालं की एकनाथ तिथे गोणपाट टाकायचा, त्यावर पाणी शिंपडायचा, चेहऱ्यावर टॉवेल आणि संपलं. मी घड्याळ लावून पाहिलंय. दोन मिनिटं लागत नसत. पिकलेली जांभळं त्याच्या अंगावर पडत, माशा घोंगावत, पलीकडच्या रस्त्यानं ट्रक जात. तो हलत नसे. सव्वातीनला, कुणी न उठवता, टॉवेल काढून उठून बसे आणि इकडेतिकडे बघे, जणू कुणी चांगली बातमी देऊन गेलंय. मी ऑफिसात पंख्याखाली दोन खुर्च्या जोडून पडायचो. पंखा गरम हवा ढवळायचा. मी डोळे मिटून सेठच्या वाक्याला उत्तरं तयार करायचो. एकदाही झोप लागली नाही. खिडकीतून जांभूळ दिसायचं. पडदा ओढून घेतला तरी दिसायचं.

घरीही सुटका नव्हती. एकनाथ कधी करवंदं, कधी ताडगोळे घेऊन घरी यायचा आणि नलिनीला उन्हाळ्याच्या चार गोष्टी सांगून जायचा. पंधरा दिवसांत आमच्या घराचं वेळापत्रक बदललं. स्वयंपाक सातच्या आत. नऊनंतर उन्हाकडच्या खिडक्या बंद, त्यांवर ओली चादर. माठ जमिनीवरून उचलून ओल्या वाळूच्या घमेल्यात.

"भोईरभाऊ म्हणाले माठ वाऱ्याच्या तोंडाला ठेवा."

"मी गेल्या वर्षी तेच सांगत होतो."

"तुम्ही सांगत होतात? तुम्ही फ्रिज घेऊ म्हणत होतात." नलिनी हसून म्हणाली, आणि ताडगोळ्याची साल काढत पुढे, "किती शांत असतात हो ते. घाम आला तरी चिडलेले दिसत नाहीत. तुम्ही बघा, उन्हाळ्यात नुसते फुत्कारत असता."

खरं होतं. बायकोच्या तोंडचं दुसऱ्या पुरुषाचं कौतुक एवढाच तो प्रश्न असता तर मी तो ओळखला असता आणि स्वतःलाच हसलो असतो. पण मला त्याच्यासारखं व्हायचं होतं आणि तो नको होता, या दोन्ही गोष्टी एकदम. मला त्याची माती ओळखणारी मूठ हवी होती, ती झोप हवी होती, लोक त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत ती नजर हवी होती. रागाचं एक बरं असतं, तो बोलून निघून जातो. हे बोलण्यासारखंच नव्हतं. काय बोलणार? की बाबा, तू मला त्रास देत नाहीस, म्हणून मला त्रास होतो?

मे महिन्यात आगरी घरांत लग्नं असतात. एकनाथच्या धाकट्या भावाचं ठरलं. तो पत्रिका घेऊन घरी आला, नलिनीच्या हातावर ठेवली. "वैनी, हलदीला यायचाच. साहेबांना आना. नाय आनला तर मी येऊन उचलून नेन." लग्नापेक्षा त्यांच्याकडे हळदीचा थाट मोठा, सगळं गाव मांडवात. आमच्या शेडमधली निम्मी माणसं पालेगावची आणि मोरिवलीची, म्हणजे त्या मांडवातलीच. एकनाथनं तीन दिवसांची रजा टाकली. मला म्हणाला, "हलदीच्या दुसऱ्या दिशी ओतकामाचा कसा करायचा? मानसा पाचला उठनार नायत."

"तू लग्न बघ. मी आहे ना."

"तुमी हायत, मग झाला."

त्यानं एवढंच म्हटलं आणि गेला. मी ते वाक्य तेव्हाही ऐकलं. बहिरा नव्हतो.

त्या सकाळी, हळदीच्या दिवशी, अकराच्या जेवणाआधी मी शेडमध्ये उभा राहिलो आणि सांगितलं, "आज भोईरांकडे हळद आहे. उद्या कुणी पाचला येऊ नका. आठला या." माणसांनी ओरडून दाद दिली. दशरथ म्हणाला, "ओकसाहेब, आज मना पटला तुमी मानूस हायत!" पुन्हा हशा, पण या वेळचा हशा माझ्या बाजूचा होता. मला तो थादलसारखा गोड लागला.

मनात काय होतं ते आता लिहितो. परवा माल द्यायचा होता, काम बंद ठेवता येत नव्हतं हे खरं. पण माणसांना आठला बोलावून दिवसभर फक्त साचे फोडणं, घासकाम, साफसफाई करून घेता आली असती आणि परवा पहाटे ओतकाम. माल एक दिवस उशिरा गेला असता, सेठ बडबडले असते. मी तसं ठरवलं नाही. मला एक दिवस हवा होता. एकनाथ नसताना, जुन्या वेळेनं, दुपारी दोनला, पूर्ण भट्टी ओतून एकही पेटी बाद जाऊ न देता दाखवायची होती. संध्याकाळी सेठना सहज म्हणायचं, आठला येऊनही झालं की सगळं. फरक माती नीट मोजण्याचा होता. ते वाक्य मी खुर्च्यांवर पडून तयार केलं होतं. हळदीचं निमित्त हाताशी आलं आणि माझी वाईट इच्छा चांगुलपणाचे कपडे घालून लोकांसमोर आली. टाळ्याही घेतल्या तिनं.

संध्याकाळी आम्ही दोघं पालेगावला गेलो. मांडवात बायका हळदीची गाणी म्हणत होत्या, नाशिक बाजा वाजत होता, मोठमोठ्या टोपांतून भात निघत होता. एकनाथ हळदीनं माखलेला, गर्दीतून वाट काढत आला आणि त्यानं मला मिठी मारली. माझा पांढरा शर्ट पिवळा झाला. "माज्या मानसांना सकालची झोप दिलीत साहेब. मी नाय विसरनार." नलिनी माझ्याकडे अशा कौतुकानं बघत होती की मला वाटलं, मिळालं, जे हवं होतं ते मिळालं. जेवून आम्ही रिक्षानं परत आलो. त्या रात्री मला छान झोप लागली. हे सांगायचं नव्हतं, पण सांगायला बसलोय तर सगळंच.

दुसऱ्या दिवशी लग्न रात्रीचं होतं, त्यामुळे साडेआठपर्यंत माणसं कामाला येत राहिली. डोळे तारवटलेले, कानामागे हळद. साचे भरायला एक वाजला. पत्रे वाजत होते. पहिल्या रांगेतल्या पेट्या भरून तीन तास झाले होते आणि त्यांच्या कडांना भेगा दिसायला लागल्या होत्या. पावणेदोनला दशरथ माझ्याकडे आला. हसत नव्हता.

"साहेब, माती सुकली. आज नको वतू. सकाली बगू."

"बीड तयार आहे दशरथ. पाणी मार."

"मारला."

"अजून मार."

त्यानं मारलं. माझं मोजायचं यंत्र टेबलावर होतं. सकाळी आठला मी आकडा घेतला होता, दुपारी पुन्हा घेतला नाही. घेतला असता तर थांबावं लागलं असतं. मी हातानं पेटीची कड चाचपली. एकनाथसारखी मूठ दाबून बघितली. माझ्या हाताला काहीच कळलं नाही. "चला," मी म्हटलं.

तिसरी पेटी उडाली, वरून मारलेल्या पाण्याची आत वाफ झाली होती. आवाज फार मोठा नव्हता. जाड कापड टर्रकन फाटावं तसा. दशरथ लॅडल सोडून मागे कोसळला आणि दोन्ही हात चेहऱ्यावर. बाकीच्यांनी त्याला उचललं, टेम्पोत घातलं, उल्हासनगरच्या दवाखान्यात नेलं. मी टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून होतो, त्याचे पाय धरून. सारा रस्ता तो एवढंच म्हणत होता, "आईला नका सांगू, लगीन हाय." उजवा डोळा वाचला. डावा नाही.

सेठ संध्याकाळी आले. ऑफिसात मी उभा, ते बसलेले. "टाइम किसने बदला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "भोईर के घर हल्दी थी, सेठ. सब लोग उधर थे. इसलिए."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. मी मागे वळलो तर दारात एकनाथ. दवाखान्यातून तडक आलेला, लग्नाच्या मांडवातून दवाखान्यात गेलेला, हात अजून पिवळे. त्यानं ऐकलं होतं. मला वाटलं आता हा विचारेल, दोनला ओतायला कुणी सांगितलं? तो सेठना म्हणाला,

"हां सेठ. माज्या घरच्या कामामुलं झाला."

त्याला तसंच वाटत होतं. साहेबांनी माझ्या घरच्या हळदीसाठी वेळ दिली, आणि माझ्या चुलतभावाचा डोळा गेला. दोनच्या ओतकामाचं त्यानं कधी विचारलं नाही, कारण आठला आल्यावर दोनच वाजणार हा हिशेब सरळ होता, आणि मी आहे म्हटल्यावर माती मी बघितली असणार याची त्याला खात्री होती. दशरथनं मला थांबवायचा प्रयत्न केला होता हे शेडमधल्या दोघाचौघांना माहीत होतं, पण साहेबाविरुद्ध कोण बोलतं? आणि दशरथ स्वतः? तो पुढे एवढंच म्हणायचा, नशीब. सेठ उठले. "बस. ये पाँच बजे का नाटक बंद. कल से आठ बजे. सबके लिए एक टाइम." मी मान खाली घालून उभा होतो. लोकांना ते दुःख वाटलं. खाली घातलेल्या मानेत, अगदी क्षणभर, मी जिंकलो होतो. होतं ते तसंच होतं.

पुढचे उन्हाळे त्या शेडमध्ये दुपारी दोनला ओतकाम झालं. माणसं पुन्हा सावलीत नेऊन बसवावी लागायची. एकनाथनं मिस्त्रीपद आपण होऊन सोडलं, साधा साचेवाला म्हणून राहिला, दीड वर्षानं कारखानाही सोडला. जांभळाखाली तो पुन्हा कधी झोपला नाही. दुपारी भिंतीला टेकून बसायचा, डोळे उघडे. मला वाटलं होतं निदान त्याची झोप गेली की माझी आग विझेल. विझली नाही, तिनं जागा बदलली.

कारण एकनाथनं तो दोष उचलला आणि त्याच्यासकट जगायला लागला. दशरथची पेरणी, लावणी, कापणी दरवर्षी आधी तो करी, मग स्वतःची. दशरथच्या मुलीचं लग्न त्यानं उभं राहून लावलं. दशरथनं त्याला केव्हाच माफ केलं होतं. दोघं एका पाटावर बसून जेवत. गावात एकनाथचं नाव पहिल्यापेक्षा मोठं झालं. हे सगळं मला नलिनीकडून कळत राहिलं, ती त्यांच्याकडे जायची. आणि मी पुन्हा जळत राहिलो. जो गुन्हा त्यानं केलाच नाही त्याची त्याला माफी मिळाली होती. माझ्या गुन्ह्याची माफी. ती त्यानं न मागता घेतली आणि मला मागायची सोयही राहिली नाही. रात्री-अपरात्री नव्हे, चांगल्या उजेडात, जेवताना, दाढी करताना मला वाटे, तो डोळा माझा आहे, ते प्रायश्चित्त माझं आहे, तो भाताचा तुकडा मी लावायला हवा होता. कुणाच्या अपराधाचाही हेवा वाटू शकतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी अंबरनाथच्या भाजीबाजारात तो भेटला. केस पांढरे, चाल तीच. पालेगावात बिल्डर फिरायला लागलेत, शेताच्या बांधावर पाट्या लागल्यात, त्याबद्दल बोलला. नलिनीची चौकशी केली. मग दोन पिशव्या एका हातात घेऊन म्हणाला,

"साहेब, एक बोलू? त्या दिशी सेठपुढं तुमी माज्या हलदीचा नाव काडलाव. तुमाला वाटला असल भोईरला राग आला. नाय आला. खरा होता ता."

मी तोंड उघडलं. सांगायचं तर तेव्हाच होतं. मेथीच्या जुड्यांपुढे, उन्हात, दोघंच. मी म्हटलं, "तुला रिक्षा मिळेल ना इथून?"

"मिलंल की. तुमी जा, उन लागल."

आता लोक म्हणतील, लेखात लिहिलं म्हणजे कबूल केलं. तसं नाही. एकनाथ मासिकं वाचत नाही, दशरथला उरलेल्या डोळ्यानं बारीक अक्षर दिसत नाही. नलिनी वाचेल, सगळ्यात आधी, कदाचित आजच. तिला मी काय सांगणार हे मला माहीत नाही. लिहिणं मला जमतं म्हणून मी लिहिलं, म्हणजे पुन्हा सोपं तेच केलं. गेल्या आठवड्यात मी नोटिशीवर सही करून झाल्यावर टायपिस्टला म्हटलं, खाली एक नाव घाल, 'एकनाथ भोईर यांच्या पद्धतीप्रमाणे'. तो म्हणाला, कोण सर? मी म्हटलं, राहू दे. कागद तसाच लागला.

दोघंही पालेगावातच आहेत, बदलापूरहून तासाभराच्या अंतरावर. एकनाथ भोईरला आणि दशरथ भोईरला मी समोर जाऊन एवढं सांगायचं देणं लागतो: त्या दिवशी वेळ मी बदलली, ती हळदीसाठी नाही, एकनाथची पाचची वेळ मोडावी म्हणून, माती सुकल्याचं दशरथनं मला सांगितलं होतं, आणि तरी ओता म्हणून मी सांगितलं. हे मी अजून सांगितलेलं नाही.